अडवायचं नाही, नुसतं लिहायचं

देऊळगाव राजाच्या बसस्टँडमागे कापसातली सरकी काढायचं एक जिनिंग बंद पडलं होतं. त्याचं ऑफिस भगवानरावांनी आपल्या शेतकरी कंपनीसाठी भाड्याने घेतलं. एका खोलीत बियाण्यांची पोती, दुसरीत टेबल, पंखा आणि एक काळं खोकं. ते खोकं म्हणजे कंपनीचा सर्व्हर. दोन तालुक्यांतल्या कापूस लावणाऱ्यांचे फोननंबर त्यात होते, आणि ते सांभाळायला नाजिश होती.

नाजिश मोईजमियांची मुलगी. मोईजमियांचं बाजारात फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान. पोरीने जालन्याला जाऊन कॉम्प्युटरची पदवी घेतली, आणि तिला नोकरी गावातच लागली याचा त्यांना एवढा आनंद झाला की पहिल्या दिवशी ते स्वतः तिला जिनिंगच्या फाटकापर्यंत सोडायला आले. आत मात्र आले नाहीत. म्हणाले, "माझे हात तेलाचे आहेत, बेटा."

काम चांगलं होतं. २०१७ च्या खरिपाआधीच लोक गुलाबी बोंडअळीला घाबरून होते. बीटी बियाण्याच्या पाकिटावर बोंडअळीचं चित्र काढून त्यावर फुली मारलेली असायची, पण आदल्या दोन सालांत फुली मारलेली अळी बोंडात सापडायला लागली होती. भगवानराव म्हणाले, आपण पाकिटावर विसंबायचं नाही, आपण बघायचं. त्यांनी गावोगावी कामगंध सापळे लावले. सापळा म्हणजे काठीला टांगलेली प्लास्टिकची पिशवी. आतल्या वासाला नर पतंग येऊन अडकतो. सापळा बघणाऱ्याने फोनवरून पतंगांचा फोटो पाठवायचा, नाजिशने ते बघून सगळ्यांना मेसेज टाकायचा: अळी येतेय, बोंडं फोडून बघा, किंवा अजून काही नाही, उगाच फवारू नका.

साखरखेर्ड्याकडचे सापळे रेणुका बघायची. रेणुका आणि तिचा नवरा अश्वजित यांचं स्वतःचं शेत होतं, आणि रेणुका शेजारच्या शेतांतलेही सापळे बघून यायची. फोटो पाठवल्यावर ती नेहमी वरून फोनही करायची. "आला का व फोटो? नीट दिसून राह्यला का?"

सुरुवातीला फोटो यायचेच नाहीत. हीच पहिली अडचण.

फोटो ज्या वेबसाइटवर टाकायचे, ती बनवून देणारा पैसे घेऊन मोकळा झाला होता. फोटो पाठवला की पाठवणाऱ्याच्या फोनवर लाल अक्षरं यायची: परवानगी नाही. नाजिशने फोल्डरच्या परवानग्या तपासल्या, त्या बरोबर होत्या. मालक बरोबर, सगळं बरोबर, तरी परवानगी नाही. दोन दिवस डोकं फोडल्यावर तिला कळलं की नकार देणारा दुसराच कोणीतरी आहे.

त्याचं नाव एसई-लिनक्स. कॉलेजात एका धड्यात 'मँडेटरी ॲक्सेस कंट्रोल' एवढे शब्द तिने पाठ केले होते, परीक्षेत लिहिले होते आणि विसरली होती. आता ती पहिल्यापासून वाचायला लागली. लिनक्समध्ये एरवी फाइल ज्याची, परवानगी त्याच्या मर्जीची. त्याने दार उघडं ठेवलं तर कोणीही आत जावं. एसई-लिनक्स त्याच्याही वर बसतं आणि मालकाची मर्जी विचारत नाही. प्रत्येक प्रोग्रामला एक लेबल, प्रत्येक फाइलला एक लेबल, आणि कोणत्या लेबलाने कोणत्या लेबलाला हात लावायचा याचे नियम यंत्रासोबत आधीच लिहून आलेले. नियमात असेल ते चालेल. नियमात नसेल, तर नाही.

एका बाजारच्या दिवशी रेणुका ऑफिसात आली, तेव्हा नाजिशने तिला ते सांगायचा प्रयत्न केला.

"जिनिंग चालू होतं तेव्हा फाटकावर राखणदार होता ना, ताई? कापूस घेऊन आलेल्या माणसाची चिठ्ठी बघायचा. चिठ्ठी गंजीची असेल तर गंजीपर्यंतच. ऑफिसचं दार कोणी उघडं टाकलं असलं, तरी तो त्याला आत जाऊ द्यायचा नाही."

"हाव. मोठा खडूस होता तो."

"तसंच आहे हे. वेबसाइट चालवणारा प्रोग्राम, म्हणजे वेब सर्व्हर, बाहेरच्या लोकांशी बोलतो, म्हणून नियम आधी त्याच्यावरच नजर ठेवतात. सगळ्यांच्या मागे लागत नाहीत. मी माझ्या टेबलावर काय करते त्यात हे फारसं पडत नाही. जे फाटकाशी उभे आहेत त्यांनाच धरतात. आणि आपल्या फोटोंच्या फोल्डरला चुकीचं लेबल आहे, म्हणून त्यात टाकू देत नाहीत."

"मंग लेबल बदल."

"तेच शिकते आहे," नाजिश म्हणाली. "चुकलं तर भलतंच उघडं पडेल."

पण तिला शिकू द्यायला कोणाकडे वेळ नव्हता. कृषी खात्याचे मोठे साहेब कंपनीचं काम बघायला येणार होते. मांडव उभारला, हार आले, गावागावांतून सापळेवाले बोलावले. सकाळी भगवानरावांनी ऑफिसात येऊन फोटो पाठवून बघितला. लाल अक्षरं.

"हे काय आहे, नाजिश?"

"काका, मला आजचा दिवस द्या. कारण सापडलं आहे, फक्त लेबल—"

"साहेब बारा वाजता येऊन राह्यले अन् तू दिवस मागते?"

भगवानराव वाईट माणूस नव्हते. कापसाच्या भावासाठी ते दोनदा तुरुंगात जाऊन आले होते, आणि ही कंपनी त्यांनी उन्हातान्हात फिरून उभी केली होती. पण त्या सकाळी त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी पुण्याला भाच्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. भाचा मोठ्या कंपनीत होता. त्याने प्रश्न पुरता ऐकूनही घेतला नाही.

"एसई-लिनक्स ना? बंद करून टाका. सगळे तेच करतात. आणि फोल्डर सगळ्यांना मोकळे करा, म्हणजे कटकटच नको."

"पण सर, नंबरांची फाइल त्याच मशीनवर आहे," नाजिश म्हणाली. "मेसेज पाठवायची किल्लीही, म्हणजे पासवर्डही, तिथेच आहे."

"तुमच्या बोंडअळीचा डेटा कोण चोरणार आहे, मॅडम?"

भगवानराव हसले. खोलीतले बाकीचेही हसले. नाजिशने भगवानरावांकडे बघितलं. ते म्हणाले, "कर न बाई."

तिने केलं. फोल्डर मोकळे केले, एक ओळ टाइप केली, मग एका फाइलमध्ये एक शब्द बदलला, म्हणजे मशीन बंद होऊन चालू झालं तरी राखणदार परत उठायचा नाही. एकदम बंद तिने केलं नाही. 'परमिसिव्ह' नावाची एक मधली अवस्था असते, त्यात ठेवलं. नियम तपासले जातात, कुठे मोडले ते लिहून ठेवलं जातं, पण कोणाला अडवलं जात नाही. तिला वाटलं, तेवढं तरी राहील. फोटो लगेच आला. मांडवात टाळ्या झाल्या. साहेबांनी नाजिशचं नाव विचारलं आणि "व्हेरी गुड" म्हणाले.

नंतर तिने दोनदा विषय काढला. पहिल्यांदा भगवानराव म्हणाले, "चालू आहे ना? मंग त्याच्यात काड्या नको करू." दुसऱ्यांदा ते गाडीत बसत होते आणि त्यांनी नुसता हात हलवला. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. रेणुकाला मात्र सांगितलं.

"म्हणजे तुझा राखणदार गेला?"

"आहे. बसला आहे. कोण आत गेलं ते लिहून ठेवतो, अडवत नाही."

"म्हणजे तलाठी झाला म्हण," रेणुका म्हणाली, आणि दोघी खूप हसल्या.

पोळ्यानंतर, कपाशी पुरुषभर वाढलेली असताना, शेकडो फोनांवर एकदम मेसेज आला. कंपनीच्या नावाने. बोंडअळीचा मोठा उद्रेक, चोवीस तासांत फवारणी केली नाही तर पीक जाईल, अमुक आणि तमुक औषध एकत्र करून फवारा, औषध गावात गाडीने येईल. दुसऱ्या दिवशी गाडी आली. पांढरी, नंबरपाटी चिखलाने माखलेली. डब्यांवर नाव होतं, पण ते नाव कोणी ऐकलेलं नव्हतं. लोकांनी घेतलं. कंपनीचा मेसेज होता ना. हीच कंपनी तर आतापर्यंत सांगत होती की उगाच फवारू नका. तीच म्हणतेय फवारा, म्हणजे खरंच काहीतरी असेल.

अश्वजितने स्वतःच्या शेतात फवारलं. शेजारी पुंजाजी म्हणून एक मजूर होता. वय झालेलं, पण फवारणीचा हात चांगला म्हणून लोक त्यालाच बोलवायचे. त्याने दिवसभर दोघातिघांच्या शेतात फवारलं. कपाशी डोक्याच्या वर, वारा पडलेला, हवा ओली. औषध वर मारायचं आणि तेच तोंडावर यायचं. संध्याकाळी पुंजाजीला उलट्या सुरू झाल्या. अश्वजित बांधावर बसला आणि रेणुकाला म्हणाला, "धूर कोणी केला व?" धूर कुठेच नव्हता.

दोघांना आधी सिंदखेड राजाला नेलं, तिथून जालन्याला. पुंजाजी वाटेतच बोलायचा थांबला. दवाखान्यात तो वारला. त्याची बायको रुखमाबाई पायऱ्यांवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती की माणसाला कुठे ठेवलं आहे, आणि तिला कोणी सांगत नव्हतं.

रेणुकाने नाजिशला तिथूनच फोन केला.

"कसला मेसेज टाकला व तू?"

"कोणता मेसेज?"

"आता कोणता म्हणते? पुंजाजी मेला. आमचा माणूस डोळे उघडून पाहून राह्यला अन् त्याले मी दिसत नाही."

नाजिशने तेव्हाच स्वतःचा फोन उघडून बघितला. मेसेज होता. दोन दिवसांपूर्वी आला होता. तिने पाठवला नव्हता, आणि तिचा स्वतःचा नंबर यादीत असूनही तिने तो उघडला नव्हता. कंपनीचे मेसेज तीच लिहायची, उघडायचे कशाला.

ती ऑफिसात पळत गेली. शोधायला काही फार लागलं नाही. फोटोंच्या फोल्डरमध्ये एक फाइल फोटो नव्हती. कोणीतरी पतंगाच्या फोटोच्या जागी एक छोटा प्रोग्राम पाठवला होता, आणि वेबसाइटने तो निमूट ठेवून घेतला होता. मग त्याच वाटेने आत येऊन त्या माणसाने नंबरांची फाइल वाचली, मेसेज पाठवायची किल्ली उचलली आणि बाहेर पाठवली. परमिसिव्हमधल्या राखणदाराने सगळं लिहून ठेवलं होतं. वेब सर्व्हर नंबरांच्या फाइलला हात लावतोय, नियमात नाही. वेब सर्व्हर बाहेर जोडणी करतोय, नियमात नाही. ओळीच्या ओळी. यातलं काहीही अडवायला नाजिशची हुशारी लागली नसती. यंत्र पेटीतून निघालं तेव्हाच हे नियम त्यात होते. त्यांना फक्त हात लावायचा नव्हता.

तिने भगवानरावांना बोलावून दाखवलं. ते खुर्चीत बसले आणि पडद्यावरच्या ओळी वाचायला लागले. त्यांना त्यातलं किती कळलं कोण जाणे.

"हे बाहेर नको बोलू," ते शेवटी म्हणाले.

"काका, माणूस मेला आहे."

"म्हणूनच म्हणून राह्यलो."

पोलीस आले, कृषी खात्याची माणसं आली. भगवानराव त्यांच्यासमोर म्हणाले, "आपल्याला त्यातलं काही कळत नाही साहेब, कॉम्प्युटरचं सगळं ही पोरगी पाहते." खोटं त्यात एकही अक्षर नव्हतं. नाजिशने सांगितलं की बंद करायला लावलं होतं, मांडवाच्या दिवशी, इतक्या लोकांसमोर. एका अधिकाऱ्याने तिला शांतपणे विचारलं, "बंद केलं तर धोका आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"भगवानरावांना माहीत होतं?"

तिने नाही म्हणून मान हलवली. त्यांना ते कळलं नव्हतं, हे खरंच होतं. तिने पुरतं समजावलंही नव्हतं. सगळे हसले तेव्हा ती थांबली होती.

"म्हणजे फक्त तुम्हालाच माहीत होतं," अधिकारी म्हणाला, आणि पुढचा प्रश्न घेतला.

घरी मोईजमियां दुकान लवकर बंद करून आले होते. त्यांनी तिच्यासमोर चहा ठेवला. बाजारात लोक त्यांना काय काय बोलले ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "बेटा, नळी फुटलेला पंप मी कोणाला देत नाही. गिऱ्हाईक कितीही घाई करो, कितीही शिव्या देवो." मग त्यांनाच वाटलं की हे बोलायला नको होतं, आणि ते नमाजासाठी वजू करायला उठले.

गाडी सापडली नाही. डबे कुठून आले ते कळलं नाही. कोणाला अटक झाली नाही. नाजिशला काढलंही नाही, कारण दुसरं कोणी मिळत नव्हतं.

ती ऑफिसात जाऊन बसली आणि जे करायचं होतं ते केलं. मेसेजची किल्ली बदलली. मशीन पुसून पहिल्यापासून उभं केलं. मोकळे केलेले फोल्डर बांधून घेतले. वेबसाइट फोटोशिवाय काही घेणार नाही असं केलं. मग फोटोंच्या फोल्डरला वेब सर्व्हरने लिहायच्या जागेचं लेबल दिलं, आणि ते लागू केलं. दोन ओळी. फोटो पाठवून बघितला, आला. राखणदाराला परत फाटकावर उभं केलं, पुन्हा पाठवून बघितला, आला. नंबरांच्या फाइलकडे वेब सर्व्हरला मुद्दाम पाठवून बघितलं. परवानगी नाही. चहा गार व्हायच्या आत झालेलं काम. मांडवाच्या दिवशी तिने याच्यासाठी दिवस मागितला होता, आणि तेवढाही लागला नसता. ती टेबलावर डोकं ठेवून रडली. मग पोती उतरवायला हमाल आले, म्हणून उठली.

दसरा झाला आणि खरी अळी आली. सापळ्यांत पतंग भरायला लागले. रेणुकाने फोटो पाठवणं कधीच सोडलं होतं. दुसऱ्या गावांतून जे थोडे यायचे त्यांतही स्पष्ट दिसत होतं. नाजिशने मेसेज लिहिला. सोपा लिहिला. शेताच्या चारही बाजूंची हिरवी बोंडं फोडून बघा, अळी दिसली तर काय करायचं, तोंडाला फडकं कसं बांधायचं, कोणतीही दोन औषधं एकत्र करू नका.

पहिला फोन आला तो शिव्यांचा. दुसरा आला तो म्हणाला, "आता कोणाले मारायचं आहे?" तिसरा आला नाही. बहुतेकांनी कंपनीचं नाव दिसताच मेसेज पुसून टाकला. भगवानरावांनीही तो उघडला नव्हता, हे तिला दिवाळीत कळलं, जेव्हा त्यांच्याच शेतातल्या बोंडांत अळ्या निघाल्या.

ती बसने गावोगाव गेली. पारांवर, किराणा दुकानांपुढे उभं राहून सांगितलं की आताचा मेसेज खरा आहे.

"मागच्या येळी बी तुमच्याच नावानं आला होता," एक म्हातारा म्हणाला.

"तेव्हा मशीन उघडं होतं, बाबा. आता बंद आहे."

"आम्हाले कसं समजावं, उघडं का बंद?"

त्याला दाखवण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं. बंद मशीन बाहेरून जसं दिसतं, उघडं असतानाही तसंच दिसत होतं.

कार्तिकात बोंडं वाळली, पण उमललीच नाहीत. जी उमलली त्यांतून पिवळ्या, गुठळ्या झालेल्या कापसाची कवडी निघाली. कोणी शेतात ढोरं सोडली, कोणी नांगर घातला.

साखरखेर्ड्याला नाजिश सगळ्यात शेवटी गेली. आधी तिची हिंमत होत नव्हती. रेणुका कवडी वेचत होती, कमरेला बांधलेली ओटी अर्धीही भरली नव्हती. अश्वजित बांधावर बसला होता. उजेड कळत होता, माणूस आल्याचं कळत होतं, चेहरा कळत नव्हता. हाताला कंप होता.

"कोण आहे व?" त्याने विचारलं.

"नाजिश आहे," रेणुका म्हणाली. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

नाजिशने तिला सगळं सांगितलं. मांडवाचा दिवस, भाच्याचा फोन, दुरुस्तीच्या दोन ओळी. रेणुका वेचता वेचता ऐकत होती.

"तुले माहीत होतं," ती म्हणाली. "मले समजावून सांगितलं होतं तू, एवढं माहीत होतं. मंग आपल्या हातानं बंद काऊन केलं?"

"सगळे हसले, ताई."

रेणुकाचा हात थांबला. क्षणभर वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आम्ही बी हसलो होतो," ती म्हणाली. "तुझ्या राखणदाराले." मग पुढच्या झाडाकडे सरकत तिने विचारलं, "आता उभा केला?"

"हो."

"आता कोणी घुसत नाही?"

"सहज नाही घुसणार."

"घुसला त काय नेईन आता?" रेणुका म्हणाली. "सांगायले लोक आहेत, ऐकायले कोणी नाही. तुझ्या त्या नंबरांचं आता कोणी काय करीन?"

नाजिशने ओढणी कमरेला बांधली आणि पलीकडच्या तासात वेचायला लागली. रेणुका नको म्हणाली नाही. दोघी ऊन चढेपर्यंत वेचत राहिल्या. अश्वजित मध्येच एकदा म्हणाला की पाखरं फार झाली आहेत आज, आवाज येऊन राह्यला. एकही पाखरू नव्हतं. रेणुका म्हणाली, "हाव."

उन्हाळ्यात कंपनी बंद झाली. काळं खोकं भगवानरावांनी विकून टाकलं. विकण्याआधी नाजिशने त्यातले सगळे नंबर पुसले. कोणी तिला तसं सांगितलं नव्हतं.